तळं, टाकी आणि शमीम मॅडम

शमीम मॅडमशी माझी ओळख एका चुकीच्या शब्दावरून झाली. मी नुकताच मराठीचा शिक्षक म्हणून शाळेत रुजू झालो होतो. अमरावतीहून निघालेली एसटी दर्यापूर मागं टाकून पुढं गेली की काळी, सपाट जमीन सुरू होते आणि नजरेला अडवणारं काही उरत नाही. त्या सपाटीवर गावात शिरताना मला डाव्या हाताला थोडं पाणी चमकताना दिसलं होतं. शिक्षकांच्या खोलीत ओळखीपाळखी चालल्या होत्या, काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "गावाबाहेरचं तळं छान आहे तुमचं."

खिडकीशी पेपर तपासत बसलेल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "कोन्तं तळं?"

"बस वळते ना, तिथलं."

"डबकं होय ते, सर." त्यांनी एका उत्तरावर काट मारली. "दिवाळीनंतर पाहा. दिसलं तं तळं म्हना."

दिवाळीनंतर मी मुद्दाम पाहायला गेलो. तिथं पोरं क्रिकेट खेळत होती. आणि स्टंप भेगांमध्ये नीट बसले होते.

शमीम मॅडम भूगोल शिकवत. मूळच्या अचलपूरच्या. नवऱ्याचं शेजारच्या परतवाड्यात गाद्यांचं दुकान होतं, घर तिकडंच. आठवडाभर त्या गावात एक खोली घेऊन राहत, शनिवारी दुपारच्या गाडीनं अचलपूरला जात आणि सोमवारी सकाळी परतत. येताना एका हातात पर्स आणि दुसऱ्या हातात पाण्याचा पांढरा कॅन. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या या पट्ट्यात विहीर खणली तर पाणी लागतं, नाही असं नाही, पण ते तोंडात धरवत नाही. बोअर मारला तर आणखी खारट. नळाचं पाणी यायचं, पण कधी येईल ते नळालाही ठाऊक नसायचं. अशा गावात सातपुड्याच्या पायथ्याचं गोडं पाणी कॅनभर घेऊन येणारी बाई म्हणजे सोन्याच्या पाटल्या घालून फिरणारी बाई. सोमवारच्या पहिल्या तासानंतर मॅडमच्या हातचा चहा मिळावा म्हणून शिक्षकांमध्ये एरवी न दिसणारा एकोपा दिसे.

बांध्यानं लहानखुऱ्या, चालणं तुरुतुरु, साडीचा पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला. वर्गात त्या पुस्तकातली मराठी बोलत, वर्गाबाहेर पडल्या की वऱ्हाडी, आणि नवऱ्याचा फोन आला की उर्दू. या तिन्ही भाषांत त्यांचा एकच आग्रह असे, की वस्तूला तिच्याच नावानं हाक मारावी. विशेषतः पाण्याला.

"पानी पानी काय करता?" त्या म्हणत. "मानसाले कोनी मानूस मानूस म्हनते का? नाव असते त्याले."

त्यांच्या हिशोबानं ज्याला पत्ता नाही ते डबकं. नदी आटली तरी तिच्या पोटात जे शिल्लक राहतं तो डोह. आटलेल्या नदीच्या वाळूत हातानं उकरल्यावर जे वर येतं तो झिरा. माणसानं नाला अडवून केलेला तो तलाव. ज्याच्या तळापर्यंत ऊन पोचतं ते तळं, आणि जिथं ऊन खाली जाता जाता दमतं ते सरोवर. हे शेवटचं वाक्य पुस्तकात नव्हतं. एकदा मी ते माझ्या वर्गात सुंदर वाक्याचा नमुना म्हणून सांगितलं, तर मॅडमनी मला व्हरांड्यात गाठलं. "सर, ते सुंदर नाही, बरोबर आहे. पोराईले बरोबर म्हनून सांगा."

त्या वर्षांत आमच्या भागात पाहुणे फार येत. कापसाचं जे व्हायचं ते होत होतं, पेपरात रोज वऱ्हाडाचं नाव येत होतं आणि त्या नावामागून गाड्या येत होत्या. कुणी अभ्यास करायला, कुणी अहवाल लिहायला, कुणी नुसतेच कॅमेरे घेऊन. शाळा रस्त्याला लागून असल्यानं पहिल्या आमच्याकडंच थांबत. एका गाडीतून उतरलेल्या गृहस्थांनी मॅडमना विचारलं, "इथं पाण्याची समस्या आहे का?"

"कोन्त्या पान्याची?" मॅडमनी विचारलं.

गृहस्थ गोंधळले. मॅडम समजावून सांगू लागल्या. पिण्याचं वेगळं, शिजवायचं वेगळं, कारण जड पाण्यात तुरीची डाळ दुपारपर्यंत उकळली तरी दाणा मोडत नाही. कपड्याचं वेगळं, कारण खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. ढोराचं वेगळं. आणि पिकाला तर हे पाणी देऊच नका, जमीन पांढरी पडते. गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकलं, आणि हातातल्या कागदावर "आहे" एवढंच लिहून ते गाडीत बसले.

या गाड्यांच्या पाठोपाठ योजना आल्या, आणि योजनांमधून शेततळी आली. खारपाणपट्ट्यासाठी ही गोष्ट खरं तर शहाणपणाची. खालचं पाणी कामाचं नाही, तर वरून पडणारं साठवून ठेवा. मॅडमचा तिला विरोध नव्हता. त्यांचं म्हणणं इतकंच, की आपली माती अशी चिकट आहे की ती पाणी सहजी सोडत नाही, मग तिच्यात प्लॅस्टिकची पन्नी कशाला अंथरता? पण अनुदान खड्ड्यासोबत पन्नीलाही होतं. त्यामुळं माणसं पन्नी अंथरत होती आणि उद्घाटनं करत होती. सहामाहीत मॅडमनी प्रश्न घातला होता, तळे व सरोवर यांतील फरक सांगा. एका मुलीनं लिहिलं, तळ्याचे उद्घाटन होते, सरोवराचे होत नाही. मॅडमनी तिला पूर्ण गुण दिले आणि पेपर सगळ्या शिक्षकांना वाचून दाखवला.

भाऊसाहेब आमच्या संस्थेचे अध्यक्ष. गावातली सगळ्यात मोठी शेती त्यांची, शाळेची जागा त्यांच्या वडिलांनी दिलेली, आणि शिक्षकांच्या नेमणुका त्यांच्या बैठकीत होत. माणूस वाईट नव्हता. फक्त आपण बोललेलं वाक्य कुणी दुरुस्त करू शकतं, हा अनुभव त्यांना आयुष्यात आलेला नव्हता. त्यांनी शेतात भलंमोठं शेततळं खणलं, काळी पन्नी अंथरली, पावसानं ते गच्च भरलं आणि त्यांनी काठावर फलक लावला, "गयाबाई सरोवर". गयाबाई ही त्यांची दिवंगत आई. उद्घाटनाला मोठे साहेब येणार होते, आणि भूगोलाच्या दृष्टीनं दोन शब्द बोलायला शमीम मॅडमना सांगितलं होतं.

त्या वेळी शाळेतली एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती. मुख्याध्यापक महिन्याभरात निवृत्त होणार होते आणि सेवाज्येष्ठतेनं पुढचं नाव मॅडमचं होतं. शिपाई तर आधीपासूनच त्यांना "मोठ्या मॅडम" म्हणू लागला होता. त्या दिवशी मॅडमनी नुसतं "सरोवर" म्हटलं असतं, किंवा काहीच न म्हणता पाण्याचं महत्त्व सांगितलं असतं, तरी पुरलं असतं.

मॅडम उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. "सरोवर निसर्ग करतो," त्या पुस्तकी मराठीत म्हणाल्या. "तलाव माणूस बांधतो. तळं लहान असतं, त्यात शेवाळ उगवतं, बेडूक राहतात. या तिघांनाही एक गोष्ट असते, ती म्हणजे काठ. जनावर पाण्यात उतरतं, पाणी पितं आणि चालत बाहेर येतं. इथं पन्नी आहे. इथं उतरता येतं, बाहेर येता येत नाही. म्हणून भूगोलाच्या दृष्टीनं ही टाकी आहे. टाकी चांगली आहे, मोठी आहे, भाऊसाहेबांचं अभिनंदन. फक्त टाकीला दोर लागतो. तेवढा बांधावा ही विनंती."

"विनंती" हा शब्द ऐकून लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. भाऊसाहेबांनीही वाजवल्या आणि माईक हातात घेऊन म्हणाले, "मॅडम विद्वान आहेत." आमच्या भागात हा शब्द ज्या सुरात उच्चारला जातो, त्यावरून मी समजलो की मुख्याध्यापकाची खुर्ची गेली.

परत येताना मी म्हणालो, "मॅडम, आज टाकी म्हणायलाच पाहिजे होतं का?"

"मंग काय म्हनू?"

"काही नाही म्हणायचं."

"सर, मले बोलाले बोलावलं होतं. गप बसाले बोलावलं असतं तं गप बसली असती."

महिनाअखेरीस इंगळे सर मुख्याध्यापक झाले. ते व्यायामशिक्षक, मॅडमना बरेच कनिष्ठ, आणि स्वभावानं इतके सरळ की खुर्चीवर बसल्याबद्दल त्यांनाच अवघडल्यासारखं होई. मॅडमनी त्या सोमवारी पहिला चहा त्यांना दिला. माझ्या चेहऱ्याकडं पाहून म्हणाल्या, "त्याईच्याजवळ शिट्टी आहे, सर. शाळा शिट्टीवर चालते. माह्याजवळ काय, नकाशा." पण त्या दिवशी त्यांनी स्वतः चहा घेतला नाही, आणि पुढचे काही दिवस त्या मधल्या सुट्टीत वर्गातच बसून राहिल्या. शिपायानं मात्र "मोठ्या मॅडम" म्हणणं थांबवलं नाही. ते त्याच्या तोंडात बसलं होतं.

पुढच्याच आठवड्यात नववीची क्षेत्रभेट होती. मॅडम मुलांना घेऊन भाऊसाहेबांच्या शेताकडं निघाल्या आणि मलाही सोबत घेतलं. टाकीजवळ पोचलो तर पाण्यात एक पिवळं कुत्रं पोहत होतं. कडेकडेनं पोहायचं, पन्नीवर पुढचे पाय टेकायचं, नखं घासायचं आणि घसरून परत पाण्यात जायचं. किती वेळ चाललं होतं कोण जाणे. भुंकत नव्हतं. भुंकायचीही ताकद उरली नव्हती. 

मॅडमनी गोठ्यातून बारदाना आणायला सांगितला. पोत्याची दोन टोकं आम्ही वरून धरली आणि तो उतारावर पाण्यापर्यंत सोडला. कुत्र्यानं नखं टाकली, ती सुतळीत अडकली, आणि ते खरडत वर आलं. वर येऊन त्यानं अंग झाडलं, आमच्या सगळ्यांच्या अंगावर पाणी उडवलं आणि मागं न पाहता तुरीत निघून गेलं. मॅडम पन्नीकडं पाहत उभ्या होत्या. ओल्या हातानं त्यांनी पदर सारखा केला आणि मुलांना म्हणाल्या, "लिहून घ्या. काठ म्हणजे काय."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मॅडमनी खेळाच्या खोलीतला रस्सीखेचीचा दोर काढला. जाडजूड दोर, तो त्यांना एकटीला उचलेना, म्हणून शिपायाला सायकल घेऊन सोबत नेलं. शेतातल्या कडुलिंबाला त्यांनी त्याचं एक टोक बांधलं, हाताच्या अंतरावर गाठी मारत गेल्या, आणि दुसऱ्या टोकाला आपला अचलपूरचा रिकामा कॅन बांधून पाण्यात सोडला, म्हणजे दोर तरंगत राहील आणि दिसेल. पुढच्या सोमवारी गोडं पाणी आणायला कॅनच नव्हता, आणि चहा खाऱ्या पाण्याचा झाला. त्याबद्दल शिक्षकांमध्ये जी नाराजी पसरली ती मुख्याध्यापकाच्या नेमणुकीनंही पसरली नव्हती.

बातमी भाऊसाहेबांच्या कानावर गेली. त्यांनी इंगळे सरांना बोलावून घेतलं. दोर काढा आणि मॅडमकडून खुलासा मागा. इंगळे सरांनी खुलासा मागितला. शाळेच्या मालकीचा दोर विनापरवाना बाहेर का नेला? मॅडमनी उत्तर लिहून दिलं, की दोर हरवलेला नाही, तो संस्थेच्या अध्यक्षांच्याच शेतात आहे आणि केव्हाही पाहता येईल. राहिलं दोर काढणं. ते इंगळे सरांच्या जिवावर येत होतं. आज जातो, उद्या जातो करता करता नवरात्र लागलं, आणि त्यापुढं दिवाळीच्या सुट्ट्या होत्याच. आमच्या शाळेतली बरीच चांगली कामं अशी दिरंगाईतूनच झालेली आहेत.

भाऊसाहेबांच्या पत्नी कमलकाकू. अष्टमीला सकाळी त्या एकट्याच शेतात गेल्या, सासूच्या नावाच्या सरोवराची ओटी भरायला. पाण्याला नारळ लावावा म्हणून त्या कडेला वाकल्या आणि पन्नीवरून सरळ आत गेल्या.

हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्या मॅडमच्या खोलीवर आल्या, तेव्हा मी तिथं बसलेलो होतो. दोन्ही तळहात सोलवटलेले, हळद लावलेली. भाऊसाहेबांच्या घरातली बाई मास्तरणीच्या खोलीवर येते, हेच नवल होतं. मॅडमनी त्यांना पलंगावर बसवलं.

"काय सांगू मॅडम," कमलकाकू म्हणाल्या, "पानी माह्या मानेच्या वर होतं. पाय टेकवू टेकवू पायला, पन्नीवर पायच ठरत नाई. हातानं धराले काई नाई. वर कडुलिंब दिसे, आभाय दिसे. आवाज देला तं कोनी नाई. शेतावरचा सालदार घरी गेलता. मले वाटलं, एवढ्या जवय जमीन आहे अन् मी काहून मरून राह्यली?"

मॅडमनी खुर्ची जवळ ओढली.

"मंग ते तुमची पांढरी क्यान दिसली. तिले धरलं, तं दोर हाती आला. गाठी होत्या म्हनून हात सरकला नाई. एक एक गाठ धरत वर आली." त्यांनी तळहात पुढं केले आणि स्वतःच त्यांच्याकडं पाहत राहिल्या.

"गाठी पुरल्या?" मॅडमनी विचारलं. "लय दूर दूर तं नव्हत्या?"

"शेवटची थोडी दूर होती."

"मंग ते जवळ घ्या लागन."

मग मॅडम उठल्या, नव्या कॅनमधून पेला काठोकाठ भरला आणि कमलकाकूंच्या हातात दिला. हात दुखत होते, पेला धरवेना. मॅडमनी तो त्यांच्या ओठांना लावला. इतकं गोडं पाणी त्या खोलीत कुणाला एका वेळी मिळालेलं मी पाहिलं नव्हतं.

गावात या घटनेचा जो अर्थ लागला तो वेगळाच होता. दसऱ्याच्या दिवशी भाऊसाहेबांनी चौकात मोठा फ्लेक्स लावला. त्यावर देवीचं चित्र, खाली गयाबाईंचा फोटो, आणि मजकूर असा, की मातोश्रींच्या पुण्याईनं सौभाग्यवतींचे प्राण वाचले. दोराचा उल्लेख नव्हता. पण कमलकाकूंनी आपल्या परीनं तो केला. त्यांनी शेतात जाऊन दोराला हळदकुंकू वाहिलं, कडुलिंबाला साडीचोळी नेसवली आणि हार घातला. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यावर इंगळे सर तालुक्याच्या स्पर्धांसाठी दोर आणायला गेले, ते तसेच परत आले. "मॅडम, त्याले कुंकू लागलं आहे," ते हताशपणे म्हणाले. "आता कसा सोडू?" त्या वर्षी आमचा रस्सीखेचीचा संघ सरावाशिवाय उतरला आणि पहिल्याच फेरीत ओढला गेला.

पुढं एका संध्याकाळी भाऊसाहेब स्वतः शाळेत आले. आभार मानायची सवय नसलेला माणूस जसा आडून येतो तसे आले. छप्पर कुठं गळतं का ते पाहिलं, घंटा वाजवून पाहिली, आणि शेवटी मॅडमपुढं उभे राहिले.

"तो बोर्ड रंगवून राह्यलो मी नव्यानं. काय लिहू सांगा."

"टाकी लिहा," मॅडम म्हणाल्या.

"मायच्या नावानं टाकी? लोक काय म्हनतीन?"

मॅडमनी विचार केला. "जलाशय लिहा. पानी जिथं साठते तो जलाशय. त्यात समदे येतात. समुद्रही येते, हौदही येते."

"गयाबाई जलाशय." भाऊसाहेबांनी शब्द घोळवून पाहिला. तो त्यांना सरोवराहून भारदस्त वाटला. "हे चालन. हे तुमी आधीच काहून नाई सांगतलं?"

मुख्याध्यापकाच्या खुर्चीचा विषय भाऊसाहेबांनी काढला नाही. कमलकाकूंनी घरी काढला असं ऐकलं, पण इंगळे सरांना काढायचं तर कारण हवं होतं, आणि त्या माणसात कारण सापडण्यासारखं काही नव्हतं.

कमलकाकूंनी मात्र मॅडमना सोडलं नाही. घरची जीप, मागं दोराची भेंडोळी, आणि पुढं दोघी बाया. एका रविवारी एका शेतात, दुसऱ्या रविवारी दुसऱ्या. मॅडमचा अचलपूरचा फेरा त्यासाठी चुकू लागला आणि नवऱ्याचे उर्दूतले फोन लांबू लागले. शेताचा मालक म्हणे, कशाला पाहिजे दोर, इथं कोण पडतं? मग कमलकाकू पुढं होत. "पूजा आहे," त्या म्हणत. पूजेला नाही कसं म्हणायचं? घरातल्या बाया तांब्या घेऊन येत, कमलकाकू कुंकू वाहत, आणि मॅडम बाजूला उभ्या राहून गाठी ओढून पाहत. कुणी विचारलंच, की या मॅडम पूजा का करत नाहीत, तर कमलकाकू सांगत, "त्याईचं काम गाठीचं आहे."

असं करता करता ती प्रथाच पडली. नवरात्रात शेततळ्याच्या दोराची पूजा. आमच्या गावाहून शेजारच्या गावात गेली, तिथून पूर्णेपलीकडं अकोल्याच्या बाजूला. एक नियम मॅडमनी कमलकाकूंकडून पसरवला. जुना दोर पूजेला चालत नाही, दरवर्षी नवा पाहिजे. कारण साधं होतं, नायलॉनचा दोर उन्हानं ठिसूळ होतो. पण कारण कुणी विचारलं नाही. उलट एका महाराजांनी कीर्तनात नव्या दोराचा अर्थ सांगितला. दोर म्हणजे जीव आणि गाठ म्हणजे कर्म, असं काहीतरी. मॅडम ते कीर्तन शाळेच्या व्हरांड्यातून ऐकत होत्या. त्या पाच वेळा नमाज पढणाऱ्या बाई.

"मी शिकवला भूगोल, सर," त्या म्हणाल्या, "अन् निंघाला देव."

"मग सांगा ना लोकांना खरं काय ते."

"सांगून पायलं ना, माईकवर. टाळ्या वाजवल्या त्याईनं." मग त्या म्हणाल्या, "योजनेतला दोर एक साल राहते. पूजेतला दरसाल नवा येते. मले काय, दोर पायजे."

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हाही मुख्याध्यापक इंगळे सरच होते. निरोप समारंभ चांगला झाला. भाऊसाहेबांनी शाल, श्रीफळ आणि एक मोठी तसबीर दिली. तसबिरीत बर्फाचे डोंगर, निळंशार पाणी आणि दोन हंस. मॅडमनी ती दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिली. "हे मात्र सरोवर आहे," त्या म्हणाल्या, आणि भाऊसाहेब खूष झाले.

त्यानंतर मी त्यांना एकदाच भेटलो. आमच्या एका विद्यार्थिनीचा चांदूर बाजारकडं निकाह होता. मी अमरावतीहून गेलो, त्या अचलपूरहून आल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, गुडघे धरलेले, चालणं आता तुरुतुरु नव्हतं. जेवणं झाल्यावर मी त्यांना गाडीपर्यंत पोचवायला रिक्षा केली. वाटेत रिक्षा तापली. रिक्षावाला बाटली घेऊन पाणी आणायला एका शेतात शिरला, तर तिथं शेततळं होतं आणि त्याच्या कडेला एक तरुण सून परात घेऊन बसली होती. नवरात्राचेच दिवस होते. मॅडम रिक्षातून उतरल्या आणि तिकडं चालू लागल्या.

"चपला काढा, बाई," सून म्हणाली.

"काढते." मॅडमनी माझ्या खांद्याला धरून चपला काढल्या. "काय करून राह्यली, पोरी?"

"दोराची पूजा. तुमच्याकडं नाई करत?"

"कशाची असते ते?"

सुनेनं सांगितलं. फार वर्षांखाली गयामाय नावाची एक सती होऊन गेली. तिची सून पाण्यात बुडत होती, तर गयामाय पाण्यातून वर आली आणि तिच्या हातात दोर दिला. तेव्हापासून जिथं पाणी तिथं गयामायचा दोर. मॅडमनी सगळं नीट ऐकलं, वर्गात मुलाचं उत्तर ऐकावं तसं. मग त्या वाकल्या आणि दोर ज्या खांबाला बांधला होता तिथली गाठ दोन्ही हातांनी ओढून पाहिली.

"हे गाठ ढिली आहे. उकल अन् फिरून बांध."

"पूजा झाली आता. उकलता येत नाई."

"येते. गयामायच्या दोराची गाठ पक्की लागते."

"तुमाले कोनी सांगतलं?"

"तिची सून माह्या ओळखीची आहे," मॅडम म्हणाल्या.

सुनेनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं आणि वाद घातला नाही. दोघींनी मिळून गाठ उकलली. मॅडमनी दोराला वळसा दिला, पुन्हा दिला, आणि गुडघा खांबाला टेकवून सारा भार टाकून ओढला. गाठ बसली. सुनेनं नव्या गाठीला कुंकू लावलं आणि तेच बोट सहज मॅडमच्या कपाळाकडं नेलं. मॅडमनी मधेच तळहात पुढं केला.

"इथं लाव. मले थोडंसं, दोराले जास्त."

रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. मी रिक्षाकडं जाता जाता मागं वळून पाहिलं तेव्हा त्या उन्हातल्या काळ्या मातीत उभ्या होत्या. कुंकवाचा हात साडीला लागू नये म्हणून दूर धरलेला, आणि एका पायानं चपलेचा अंदाज घेत होत्या.